कुंभार्ली घाटात मरणारी २५१५: बूस्ट वाढवण्याआधी आणि वाढवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००४ ची टाटा २५१५, टाटा कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, लाइन पंप (सिलिंडरांना डिझेल मारणारा), टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारा). कोकणातून चिरा भरून कुंभार्ली घाट चढताना गाडी १५ च्या पुढे सरकत नाही, मागे गाड्यांची रांग लागते. धूर फारसा नाही. मिस्त्री म्हणतो, वेस्टगेटचा (टर्बोला आवर घालणाऱ्या झडपेचा) रॉड आवळून बूस्ट (टर्बोने दिलेल्या हवेचा दाब) वाढवू, पंपाच्या स्क्रूला एक फेरा देऊ, २०० अश्वशक्ती मिळेल. करावं का? आणि जमलं तर मोठा टर्बो बसवावा का?

दादा, मिस्त्री सांगतो तसं करू नका. २०० अश्वशक्ती या इंजिनाला झेपत नाही असं नाही. पण तुमच्या गाडीत आत्ता १५० सुद्धा शिल्लक नाहीत, आणि ते तुम्ही दिलेल्या आकड्यावरूनच निघतं.

हिशेब करून बघा. आरसीप्रमाणे गाडी मालासकट २५ टन. चढ सरासरी ६ टक्के धरला, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर उंची, तर गाडी वर ओढायला सुमारे १,५०० किलोचा जोर लागतो. टायर आणि रस्त्याचं घर्षण आणखी २०० किलो. एवढा जोर ताशी १५ किलोमीटरने लावायला चाकांवर साधारण ९४ अश्वशक्ती पुरते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये १२-१३ टक्के जातात, पंखा आणि एअर कॉम्प्रेसर मिळून १० खातात. सगळं जमेला धरलं तरी इंजिन ११८-१२० च्या वर देत नाहीये. २५१५ मधले १५ म्हणजे १५० अश्वशक्ती. तेवढी खरंच मिळाली तर याच चढावर, याच मालाला, गाडी १९ ते २० ने चढायला हवी. म्हणजे तीसेक घोडे कुठेतरी अडकून पडलेत. ते न शोधता वर इंधन ओतलं तर ते पॉवर न देता धूर आणि उष्णता देईल. (माल आरसीपेक्षा जास्त असेल तर हा हिशेब बदलतो. मग खोट इंजिनात नाही, वजनकाट्यावर आहे. ते तुमचं तुम्हाला माहीत.)

आता बूस्टबद्दल जो गैरसमज सगळीकडे आहे तो आधी काढू. पेट्रोल गाडीत हवा अडवून वेग सांभाळतात. डिझेलमध्ये हवेला अडवणारं झाकण नसतं, इंजिन दर फेऱ्याला मिळेल तेवढी हवा घेतं आणि पॉवर ठरते ती पंपाने किती डिझेल मारलं त्यावर. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या उष्णतेवर आणि दाबावर. जास्त डिझेल जळलं की एक्झॉस्ट तापतो, टर्बो जोरात फिरतो आणि बूस्ट वाढतो. म्हणजे बूस्ट बहुतेक वेळा परिणाम असतो. डिझेल तेवढंच ठेवून वेस्टगेट आवळला तर इंजिनाला थोडी जास्त हवा मिळेल, धूर थोडा कमी होईल, एक्झॉस्टचं तापमान किंचित उतरेल, पण ओढ वाढणार नाही. लाकूड न घालता चुलीत फुंकर मारत बसण्यासारखं ते. आणि उलट, हवा न वाढवता डिझेल वाढवलं तर काळा धूर, तापलेला मॅनिफोल्ड आणि वितळलेले पिस्टन.

हवा आणि डिझेलचं प्रमाण मी वजनात बघतो. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण ते पुस्तकात. सिलिंडरमध्ये फवारा आणि हवा इतकी नीट मिसळत नाहीत, म्हणून १८-२० किलोच्या खाली गेलं की सायलेन्सरमधून काळं दिसायला लागतं. लांब चढावर टिकायचं असेल तर २२ च्या आसपास राहावं. त्या मापाने ५.९ लिटरचं हे इंजिन २,२०० फेऱ्यांना, १ बार बूस्ट आणि धड चालणारा इंटरकूलर असताना, मिनिटाला १२ किलोच्या आसपास हवा घेतं. त्यात २०० अश्वशक्तीपुरतं डिझेल नीट जळू शकतं. म्हणजे कागदावर तुमच्या मूळच्या बूस्टमध्येच जागा आहे. अडचण हवा कमी असल्याची नाही, असलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचत नसल्याची असते.

म्हणून पहिला खर्च करायचा तो दोन गेजवर: एक बूस्टचा आणि एक एक्झॉस्टच्या तापमानाचा, ज्याला आपल्याकडे पायरोमीटर म्हणतात. बूस्ट गेज इनलेट मॅनिफोल्डवरून घ्या, टर्बोच्या तोंडावरून नको. टर्बोच्या तोंडाशी १.१ बार आणि मॅनिफोल्डला ०.७ दिसत असेल तर मधल्या पाइपात किंवा इंटरकूलरमध्ये चोर बसलाय हे तिथेच कळतं. पायरोमीटरचा प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवा. टर्बोनंतर बसवला तर लोडवर १०० ते १५० अंश कमी दाखवतो आणि माणूस निर्धास्त राहतो. या इंजिनाचा मॅनिफोल्ड दोन भागांत वाहतो, पुढचे तीन सिलिंडर एका वाटेने आणि मागचे तीन दुसऱ्या. प्रोब ज्या वाटेत बसेल तिचंच तापमान कळेल, एवढं लक्षात ठेवा. भोक पाडताना ड्रिलला भरपूर ग्रीस लावा, शेवटचा पातळ थर हळू कापा आणि चुंबक फिरवून बुरादा काढा. बीडाचा एक कण टर्बाइनच्या पात्यांवर गेला की गेजपेक्षा शंभरपट महाग पडतो. जमल्यास टर्बो उतरवूनच हे काम करा.

गेज बसले की भरलेली गाडी घाटात न्या, चढावर एका गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून १,८०० ते २,००० फेऱ्यांवर मिनिटभर धरा आणि दोन्ही काटे वाचा. बूस्ट कमी, तापमान जास्त, धूर काळा: हवा कमी पडतेय. बूस्ट कमी, तापमानही कमी, धूर जवळजवळ नाही: डिझेल कमी पडतंय. दोन्ही ठीक असून गाडी ओढत नसेल तर इंजिन सोडा. क्लच घसरतोय का बघा, आणि गाडी थांबवून सगळ्या हबना हात लावून बघा, जो जास्त तापलाय तिथला ब्रेक धरून राहिलाय. जुन्या गाड्यांत हे शेवटचं इतक्या वेळा निघतं, की खरं तर तपासणी तिथूनच सुरू करायला हवी.

हवा कमी पडत असेल तर फिल्टरपासून चला. टर्बो इंजिनाला फिल्टरची ओढ ६३५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभापर्यंत चालते, त्यापुढे फिल्टर बदलायचा. चिऱ्याच्या खाणीतल्या लाल धुळीत फिल्टर किती लवकर भरतो ते तुम्हाला सांगायला नको. हवेने झाडून पुन्हा पुन्हा वापरलेल्या फिल्टरला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. ती धूळ आधी टर्बोच्या कॉम्प्रेसरची पाती खाते आणि मग बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. या ब्लॉकला मुळात लायनर (बदलता येणारी नळी) नाही, बोअर थेट ब्लॉकमध्येच आहे. बोअर खराब झाला की ओव्हरसाइझ पिस्टन घाला नाहीतर स्लीव्ह मारून घ्या, दोन्ही मोठी कामं. खाणीवर चालणाऱ्या गाडीला फिल्टरची काटकसर सगळ्यात महाग पडते.

मग टर्बो ते मॅनिफोल्डपर्यंतची वाट. गाडीच्याच एअर टँकची हवा रेग्युलेटरमधून १ बारला आणा, टर्बोच्या तोंडाला बूच लावून आत सोडा आणि प्रत्येक होस, क्लिप, इंटरकूलरच्या टाकीच्या सांध्यावर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या कडेचा सांधा आणि टर्बोखालचा होस हे दोन हमखास गुन्हेगार. तेलाने काळा झालेला होस गळतोच असं नाही, पण मऊ झालेला असेल तर लोडवर फुगून सुटतो. इंटरकूलरच्या बाहेरून पंखांत माती आणि तेलाचा थर असेल तर तो आतून कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. याचं गणित मोठं आहे. ३५ अंशांच्या हवेवर १ बार बूस्ट केला की हवा १३० अंशांपर्यंत तापते. तशीच आत गेली तर घनता साध्या हवेच्या दीडपट. तीच ६० अंशांवर आणून दिली तर पावणेदोनपटीच्याही पुढे. गेज दोन्हीकडे १ बारच दाखवेल, आणि म्हणून नुसत्या बूस्टच्या काट्याकडे बघून खूश होणाऱ्यांवर माझा भरवसा नाही.

एक्झॉस्ट बाजूला एकच गोष्ट सांगतो, कारण ती दहातल्या नऊ ठिकाणी कुणी बघत नाही: एक्झॉस्ट ब्रेकचं बटरफ्लाय. त्याचा सिलिंडर अडकला किंवा लिंक वाकली की झाकण पाव-अर्धं बंद राहतं. गाडी सपाटीला बरी चालते, चढावर मरते, मॅनिफोल्ड लाल होतो आणि सगळे टर्बोला दोष देतात. इंजिन बंद करून लिंक हाताने हलवा, पूर्ण उघडतं का ते बघा. टर्बोचा शाफ्ट त्याच वेळी तपासा. आडवा थोडा हलला तर चालतं, तेलाच्या थरावर फिरणारा शाफ्ट तसा असतोच. पात्यांनी घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा पुढे-मागे बोटांना खेळ जाणवत असेल तर डायल गेज लावून मोजून घ्या.

डिझेल कमी पडत असेल तर आधी स्वस्त जागा. ॲक्सिलरेटरची लिंक पाय पूर्ण दाबल्यावर पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकवते का? केबिनमध्ये एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली बघायचं. रबरी बुश झिजून ही लिंक बोटभर कमी पडते आणि लोक त्यासाठी पंप उतरवतात. नंतर डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, फीड पंप, पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह सैल झाला की पंपाच्या गॅलरीत दाब राहत नाही आणि जास्त फेऱ्यांना एलिमेंट (दर सिलिंडरला डिझेल मारणारे पंपाचे दट्टे) भरत नाहीत.

आणि एलडीए. गव्हर्नरच्या वर जो गोल डबा दिसतो, ज्याला मॅनिफोल्डकडून एक बारीक पाइप येतो, तो. बूस्ट आला की आतला पडदा दाबला जातो आणि पंपाला जास्त डिझेल देण्याची परवानगी मिळते. बूस्ट नसताना तो डिझेल रोखून धरतो, म्हणजे गाडी हलवताना काळा धूर होत नाही. पाइप तडकला, तेलाच्या गाळाने बंद झाला किंवा पडदा फाटला, की टर्बो कितीही हवा देवो, पंपाला ती दिसतच नाही. गाडी टर्बो नसलेल्या इंजिनासारखी चालते, धूर नसतो, ॲव्हरेजही वाईट नसतं, म्हणून मालकाला संशय येत नाही. तपासणी पाच मिनिटांची: पाइप काढून हातपंपाने एलडीएला अर्धा-पाऊण बार हवा द्या. दाब धरून राहिला तर पडदा शाबूत. उतरला तर तुमचे हरवलेले घोडे बहुधा तिथेच सापडतील. तुम्ही लिहिलंय की धूर फारसा नाही. म्हणून माझा पहिला संशय एलडीएवर आणि लिंकवर आहे, टर्बोवर नाही.

एवढं झाल्यावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघून घ्या, इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर, इंजिन थंड असताना. नोझल काढून दाब आणि फवारा तपासा. एक जरी नोझल ठिबकत असेल तर पुढे जाऊ नका, कारण वाढवलेल्या डिझेलमध्ये तोच पिस्टन आधी जातो.

गाडी इथवर आणली की बहुतेकांचं काम झालेलं असतं. १० किलोमीटरचा चढ १५ ने ४० मिनिटं घेतो, १९ ने साधारण ३२. सगळी वाढ यातच बसली, आणि ती कायद्याच्या, इंजिनाच्या, कुणाच्याच विरोधात नाही.

तरीही वाढवायचंच असेल तर किती? माझं उत्तर १८०, म्हणजे २० टक्के. त्यापुढे नाही. तुम्ही म्हणाल अमेरिकेत याच इंजिनातून लोक ५०० काढतात. खरं आहे. हेच बी सिरीजचं ५.९ लिटरचं इंजिन १९८९ मध्ये डॉज रॅम पिकअपमध्ये १६० अश्वशक्तीचं आलं आणि १९९६ च्या मॉडेलमध्ये कंपनीनेच २१५ पर्यंत नेलं. बोटींवरच्या याच इंजिनाच्या आवृत्त्या ३०० च्या पुढे जातात. पण बोटीत हवा थंड करायला समुद्राचं पाणी असतं. आणि पिकअपवाला पूर्ण पॉवर वापरतो ती अर्धा मिनिट, सिग्नल सुटल्यावर किंवा कुणाला मागे टाकताना. तुमची गाडी एप्रिलच्या उन्हात, ताशी २० च्या वेगाने, समोरून वारा नसताना, अर्धा तास पूर्ण लोडवर असते. पिस्टन ॲल्युमिनिअमचे आहेत, आणि शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याआधीच मऊ पडतो. खालून तेलाचे फवारे पिस्टनला थंड ठेवतात म्हणून तो टिकतो, पण त्या फवाऱ्यांनाही मर्यादा आहे. टर्बोच्या आधी ६५० अंश सलग आणि ७०० क्षणभर, ही माझी लक्ष्मणरेषा. घाटाच्या मध्यावर ६५० ओलांडलं की गिअर एक खाली टाकून फेरे वाढवायचे, तरीही उतरत नसेल तर पाय उचलायचा. ड्रायव्हरला हे शिकवल्याशिवाय वाढवलेली गाडी त्याच्या हातात देऊ नका.

डिझेल वाढवायचं ते पंप रूममध्ये, बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर. रस्त्यावर स्क्रू फिरवून नाही. कारण रस्त्यावरचा तो एक फेरा बहुतेक वेळा फुल लोडच्या स्टॉपला दिला जातो आणि त्याने बूस्ट नसतानाचं डिझेलही वाढतं. मग गाडी पहिल्या गिअरला काळाकुट्ट धूर ओकते, मालक खूश होतो की पिकअप आला, आणि कमी फेऱ्यांना सिलिंडरमध्ये न जळलेलं डिझेल तेलात उतरत राहतं.

बेंचवर मागायचं ते असं. १५० अश्वशक्तीला २,५०० फेऱ्यांवर दर एलिमेंटला १,००० स्ट्रोकमागे साधारण ६३ सीसी डिझेल बसतं, १८० ला ७६. हे इंजिनात जळणाऱ्या डिझेलचे हिशेब आहेत. बेंचवरचं तेल आणि नोझल वेगळे असल्याने तिथला आकडा नेमका हाच येणार नाही, म्हणून आकडा न मागता प्रमाण मागा. आधी तुमच्या पंपाच्या प्लेटवरच्या नंबरप्रमाणे मूळ कॅलिब्रेशन करून घ्या, सहाही एलिमेंट एकमेकांच्या २-३ टक्क्यांत आणा. मग फक्त एलडीएची वरची मर्यादा उघडून पूर्ण बूस्टवरचं डिझेल आधी १० टक्के वाढवा. बूस्ट नसतानाचं आहे तेवढंच. एलडीएची स्प्रिंग कोणत्या दाबाला हलायला लागते तेही लिहून घ्या. गाडी घाटात नेऊन पायरोमीटर वाचा. जागा असेल तर उरलेले १० टक्के. पंपवाल्याला हा दोनदा पंप उतरवण्याचा प्रकार आवडणार नाही, तो म्हणेल एकदाच करू. त्याला दोन वेळची मजुरी द्या.

गव्हर्नरच्या कमाल फेऱ्यांना हात लावू देऊ नका. जास्त फेऱ्यांची पॉवर घाटात कामाची नाही, तुम्हाला १,५०० ते २,००० मध्ये ओढ हवी. शिवाय मूळच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगला ते झेपत नाही. टायमिंग, म्हणजे डिझेल मारण्याची वेळ, प्लेटवर लिहिलंय तेवढंच ठेवा. थोडं पुढे घेतलं की गाडी हलकी वाटते, एक्झॉस्टचं तापमानही उतरतं, आणि काटा बघून माणूस फसतो, कारण तेवढ्याच प्रमाणात सिलिंडरमधला कमाल दाब चढतो. तो काट्यावर दिसत नाही, हेड गॅस्केटवर दिसतो.

डिझेल वाढल्यावर बूस्ट आपोआप चढेल. आता वेस्टगेटकडे बघायचं. नव्या डिझेलला बूस्ट १.२ ते १.४ बारमध्ये स्थिरावत असेल आणि तापमान ६५० च्या खाली असेल तर रॉडला हात लावू नका. बूस्ट १ बारलाच अडत असेल आणि तापमान चढत असेल तरच रॉड अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आवळा, दर वेळी घाटात बघून. वेस्टगेट पूर्ण बांधून टाकायचा प्रकार मात्र करू नका. बांधलेल्या टर्बोचा वेग कुणी रोखत नाही, आणि दीड बारच्या पुढे हवा १६५ अंशांच्या वर तापून निघते, म्हणजे इंटरकूलरला तेवढं जास्त काम. टर्बाइनच्या आधीचा दाब बूस्टपेक्षा बराच वर गेला की पिस्टनला एक्झॉस्ट बाहेर ढकलायलाच जोर लागतो आणि मिळवलेलं तिथे जातं.

बाकीच्या गोष्टी पटकन. रेडिएटर आतून-बाहेरून साफ, पंख्याचं कपलिंग धरणारं, थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा, ८३ अंशांचा. तेल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्रतीचं, आणि बदलण्याचं अंतर आधीपेक्षा कमी. गरम इंजिनाला आयडलवर तेलाचा दाब ०.७ बारच्या खाली जात असेल तर वाढवण्याचा विचारच सोडा, आधी बेअरिंग. घाटमाथ्यावर चहाला थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होतं. पुढची टायमिंग केस कधी उघडली तर तिथला छोटा डॉवेल पिन बघून घ्या. या इंजिनाच्या जुन्या आवृत्त्यांत तो हळूहळू बाहेर सरकून टायमिंग गिअरमध्ये पडतो, ही जगभरची नोंदलेली खोट आहे. एक पत्री तुकडा बोल्टखाली घालून त्याचं तोंड बंद करता येतं. क्लच प्लेट जुनी असेल तर २० टक्के वाढीतही घसरेल.

आणि ब्रेक. पॉवर वाढली की चढ सोपा होतो, उतार आहे तसाच राहतो. घाट लवकर चढतोय म्हणून अर्धा टन जास्त टाकायचा मोह होईल. कुंभार्लीच्या उताराला एक्झॉस्ट ब्रेक आणि गिअर यांच्यावरच गाडी धरावी लागते, आणि तिथे तुमचे वाढवलेले ३० घोडे काहीही करणार नाहीत.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वरचा पहिला सगळा भाग दुरुस्ती आहे, त्याला कुणी बोट लावू शकत नाही. २० टक्क्यांचा भाग बदल आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर पंपाचं सील बघतो, हेही डोक्यात ठेवा. पीयूसीला तुमच्या काळातल्या गाडीसाठी धुराची मर्यादा प्रति मीटर २.४५ आहे. एलडीए नीट लावलेली गाडी ती आरामात पार करते आणि स्क्रू फिरवलेली गाडी तिथेच अडकते. मला विचाराल तर तुमच्या वापराला मी पहिल्या भागावर थांबेन. १५० वरून १८० वर गेल्याने घाटात आणखी सहा मिनिटं वाचतात, आणि त्या सहा मिनिटांसाठी वीस वर्षं चाललेल्या ब्लॉकवर वाढीव दाब टाकायचा का, हे तुमच्या खेपांच्या हिशेबावर आहे.

मोठ्या टर्बोचं उत्तर नाही असं आहे. मोठं टर्बाइन कमी फेऱ्यांना उशिरा जागं होतं. १,३०० ते १,७०० मध्ये, जिथे तुम्ही घाटात गिअर बदलल्यावर येता, तिथे मूळच्या टर्बोपेक्षा कमी हवा मिळेल आणि गाडी आत्तापेक्षा जास्त मरेल. टर्बो बदलायची वेळ आलीच, तर पार्ट नंबर जुळवून तोच घ्या किंवा मूळ कार्ट्रिज घालून रिपेअर करा. स्वस्त नकली टर्बोचं बॅलन्सिंग भरवशाचं नसतं, आणि लोडवर हा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो. एलडीएची तपासणी केली की दाब किती धरला आणि पायरोमीटरचा पहिला आकडा काय आला ते कळवा, मग पंप उतरवायचा की नाही ते ठरवू.